एन्टर कळीचा धनी कोण?

दिवाळी सरली की वऱ्हाडात कापसाचे दिवस सुरू होतात. अकोला, अकोट, मूर्तिजापूर, दर्यापूर, अमरावती ह्या भागांतल्या जिनिंगच्या फाटकापुढे गाड्यांची रांग लागते. प्रत्येक गाडी दोनदा काट्यावर चढते. पहिल्यांदा भरलेली आणि कापूस खाली झाल्यावर रिकामी. पहिल्या वजनातून दुसरे वजा केले म्हणजे कापसाचे वजन मिळते. पूर्वी ही वजने वहीत लिहीत. आता काट्याशेजारच्या खोलीत संगणक असतो, आणि कारकून पडद्यावरच्या रकान्यांत आकडे भरतो.

समजा, एका गाडीचे भरलेले वजन ३४.६० क्विंटल भरले. "भाऊ, गाडी खाली करून परत काट्यावर आणा," असे कारकुनाने गाडीवाल्याला सांगितले आणि बोलता बोलता आकडा लिहून एन्टर कळ दाबली. त्याला जायचे होते पुढच्या रकान्यात. पण एन्टर दाबताच पडद्यावरचे 'हिशेब करा' हे बटण दाबले गेले. रिकाम्या गाडीचा रकाना कोराच होता. प्रोग्रॅमने तेथे शून्य धरले आणि सबंध ३४.६० क्विंटलचा हिशेब केला. उदाहरणापुरता भाव क्विंटलला ७,००० रुपये धरू. रक्कम झाली २,४२,२०० रुपये. प्रत्यक्षात रिकामी गाडी १८.२० क्विंटलची आहे. म्हणजे कापूस १६.४० क्विंटल आणि खरी रक्कम १,१४,८०० रुपये. फरक १,२७,४०० रुपयांचा!

येथे संगणक बिघडला नाही. वजाबाकी आणि गुणाकार दोन्ही बरोबर झाले. कारकुनाचा आकडाही बरोबर होता. चुकले ते एवढेच, की प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने एका साध्या प्रश्नाचे उत्तर नीट ठरवले नव्हते. एन्टर कळ दाबली, तर ती कोणाची? ह्या लेखात आपण त्याच प्रश्नाचा विचार करू.

पत्ता नसलेले पत्र

माउसचे बटण दाबले की संगणकाला दोन गोष्टी कळतात : बटण दाबले, आणि ते दाबले तेव्हा बाण पडद्यावर कोणत्या जागी होता. म्हणजे माउसच्या प्रत्येक निरोपावर पत्ता लिहिलेला असतो. बाण ज्या वस्तूवर आहे, तिला तो निरोप पोचवायचा.

कळफलकाचे तसे नाही. 'क' दाबला की 'क' दाबला एवढेच कळते. तो नावाच्या रकान्यासाठी की गावाच्या रकान्यासाठी, हे कळीला माहीत नसते. पडद्यावर रकाने, बटणे, याद्या अनेक; कळफलक मात्र एकच. पत्ता नसलेले पत्र पोस्टमनने कोणाला द्यावे?

ह्यावर युक्ती अशी की कोणत्याही क्षणी पडद्यावरची एकच वस्तू कळा घेण्यास नेमून ठेवायची. दुसरी नेमली जाईपर्यंत येणारी प्रत्येक कळ तिच्याकडे जाईल. ह्या नेमणुकीला 'फोकस' म्हणतात. भिंगाचा फोकस तुम्ही शिकला आहात. किरण जेथे एकवटतात तो बिंदू. येथे किरणांऐवजी कळा एकवटतात, एवढाच फरक.

फोकस कोठे आहे हे डोळ्यांना दिसावे लागते. रकान्यात फोकस असेल तर तेथे उभी रेघ लुकलुकते. बटणावर असेल तर त्याच्याभोवती तुटक रेषेची किंवा रंगीत चौकट दिसते. पडद्यावर अनेक खिडक्या उघड्या असल्या तरी त्यांतली एकच 'चालू' असते, आणि त्या चालू खिडकीतल्या एकाच वस्तूवर फोकस असतो.

टॅब कळीची वाट

फोकस एका वस्तूवरून दुसरीवर कसा न्यायचा? माउसने नेता येतो. पण कळफलकावरच त्यासाठी एक कळ आहे, ती म्हणजे टॅब. हे नाव टंकलेखन यंत्राकडून आले. टंकलेखनाच्या वर्गात बसलेल्यांना आठवेल, की तक्ता टंकताना एका स्तंभावरून दुसऱ्या स्तंभावर एका झटक्यात जाण्यासाठी ही कळ वापरत. संगणकावर टॅब दाबले की फोकस पुढच्या वस्तूवर जातो. शिफ्ट धरून टॅब दाबले की मागच्या वस्तूवर. शेवटच्या वस्तूनंतर तो फिरून पहिल्या वस्तूवर येतो. ह्या वाटेला 'टॅब क्रम' म्हणतात.

हा क्रम ठरतो कसा? प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने वेगळे काही सांगितले नाही, तर बहुतेक साधनांत वस्तू ज्या क्रमाने निर्माण केल्या तोच क्रम राहतो. येथेच नवशिक्याची फसगत होते. समजा, काट्याच्या प्रोग्रॅममध्ये आधी पाच रकाने होते. पुढे मालकांनी सांगितले, "वाहन क्रमांकही हवा." तो रकाना पडद्यावर गावाच्या खाली बसवला, पण निर्माण झाला सगळ्यांत शेवटी. आता गावावरून टॅब दाबले की फोकस वाहन क्रमांक ओलांडून वजनाच्या रकान्यात जातो. डोळ्यांना एक क्रम दिसतो आणि बोटांना दुसराच सापडतो. मग वाहनाचा क्रमांक वजनाच्या रकान्यात जाऊन बसतो!

म्हणून नियम असा : वाचण्याचा क्रम तोच टॅबचा क्रम. वरून खाली, डावीकडून उजवीकडे, आणि सरतेशेवटी बटणे.

गृहीत बटण

आता एन्टर कळीकडे वळू. टंकलेखन यंत्रावर ओळ संपली की डाव्या बाजूचा दांडा सारून कागदाचा गाडा परत आणत. तारयंत्रांवर हेच काम एका कळीने होऊ लागले आणि तीच कळ पुढे संगणकाच्या कळफलकावर आली. जुन्या संगणकांत पडद्यावर एका वेळी एकच ओळ लिहायची असे. 'माझी ओळ संपली, आता तुझे काम कर' एवढाच एन्टरचा अर्थ. घेणारा एकच, म्हणून भांडण नव्हते.

१९८१ साली झेरॉक्स कंपनीचा स्टार आणि १९८४ साली ॲपलचा मॅकिन्टॉश आला. पडद्यावर खिडक्या, रकाने आणि बटणे दिसू लागली. एकाच चौकटीत तीन बटणे असतील, तर एन्टरने कोणते दाबायचे? मॅकिन्टॉशवर त्यांतल्या एका बटणाभोवती जाड कडा काढत. रिटर्न कळ दाबली की ते बटण दाबले जाई. १९८७ साली आयबीएमने 'कॉमन युजर ॲक्सेस' ह्या नावाने खिडक्या, कळा आणि बटणे ह्यांबद्दलचे नियम छापले. त्या नियमांची छाप पुढे विंडोजवरही पडली.

जाड कडेच्या ह्या बटणाला 'डिफॉल्ट बटण' म्हणतात. आपण त्याला 'गृहीत बटण' म्हणू, कारण वापरणाऱ्याने काही वेगळे सांगितले नाही तर हेच हवे असे गृहीत धरले जाते.

फोकस आणि गृहीत बटण ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नीट ध्यानात घ्या. पोस्टमनचेच उदाहरण पुढे नेऊ. पत्र आधी ज्याची नेमणूक झाली आहे त्याच्या हाती द्यायचे, तो फोकस. त्याने ते ठेवून घेतले, तर काम संपले. त्याने "हे माझे नाही" असे म्हटले, तर पत्र घरधन्याकडे जाते. ते गृहीत बटण. रकान्यात 'क' दाबला तर रकाना तो ठेवून घेतो. एका ओळीच्या रकान्यात एन्टर दाबली, तर त्याला तिचा उपयोग नाही. म्हणून ती खिडकीकडे जाते आणि खिडकी ती गृहीत बटणाला देते.

विंडोजच्या नेहमीच्या चौकटीत काय घडते ते पाहा :

१. फोकस एका ओळीच्या रकान्यात असेल, तर एन्टरने गृहीत बटण दाबले जाते. स्पेसने रकान्यात मोकळी जागा पडते.

२. फोकस अनेक ओळी लिहिण्याच्या रकान्यात असेल, तर एन्टरने बहुधा नवी ओळ सुरू होते. म्हणजे येथे रकानाच ती कळ ठेवून घेतो.

३. फोकस एखाद्या बटणावर असेल, तर एन्टर आणि स्पेस दोन्हींनी तेच बटण दाबले जाते. फोकस तेथे असेपर्यंत गृहीतपणाची जाड कडाही त्याच बटणाकडे येते. फोकस पुन्हा रकान्यात गेला की कडा मूळ बटणाकडे परत जाते.

४. एस्केप कळीने, फोकस कोठेही असला तरी, 'रद्द करा' हे बटण दाबले जाते.

मॅकवर तिसरा नियम वेगळा आहे. तेथे फोकस दुसऱ्या बटणावर असला तरी रिटर्नने गृहीत बटणच दाबले जाते. फोकसचे बटण दाबायला स्पेस लागते. एका संगणकाची सवय दुसऱ्यावर नेली की गोंधळ होतो तो ह्यामुळे. जो प्रोग्रॅम दोन्हींवर चालवायचा आहे, तो दोन्हींवर तपासून पाहावाच लागतो.

सेकंदांचा हिशेब

एवढी यातायात कशासाठी? सरळ माउस वापरला तर? ह्याचे उत्तर मोजून देता येते. १९८० साली कार्ड, मोरान आणि न्यूएल ह्या तीन शास्त्रज्ञांनी संगणकावरच्या कामाचे छोटे तुकडे पाडून प्रत्येकाला लागणारा सरासरी वेळ सांगितला. सराईत माणसाला एक कळ दाबायला सुमारे ०.२ सेकंद, हात कळफलकावरून माउसवर किंवा परत न्यायला ०.४ सेकंद आणि बाण हव्या त्या जागी न्यायला १.१ सेकंद लागतो.

माउसने पुढच्या रकान्यात जायचे तर : हात नेणे ०.४, बाण नेणे १.१, बटण दाबणे ०.२, हात परत आणणे ०.४. एकूण २.१ सेकंद. टॅबने तेच काम ०.२ सेकंदात होते. एका जागी १.९ सेकंदांची बचत.

आपल्या काट्याच्या नोंदीत सहा रकाने धरा. त्यांच्यामध्ये पाच उड्या आणि शेवटी बटण, अशा सहा जागा. एका नोंदीमागे ११.४ सेकंद वाचतात. दिवसाला ३०० नोंदी असतील तर ३,४२० सेकंद, म्हणजे ५७ मिनिटे! बाहेर उन्हात रांगेत उभ्या असलेल्या माणसांचा जवळजवळ एक तास टॅब आणि एन्टर ह्या दोन कळा वाचवतात. म्हणून एन्टरची सोय काढून टाकणे हा उपाय नव्हे. ती योग्य धन्याकडे जाईल असे पाहणे हा उपाय.

घात कोठे होतो?

पहिली जागा आपण वर पाहिलीच : अपुरी नोंद. कारकुनाने एन्टर का दाबली असेल? कारणे दोन. टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये एन्टरने पुढच्या रकान्यात जातात. ज्याचा हात तेथे बसला, तो सगळीकडे तेच करणार. दुसरे म्हणजे, आकडे भरणारा कळफलकाच्या उजवीकडचा आकड्यांचा संच वापरतो. त्या संचात एन्टर आहे, टॅब नाही. अंगठा किंवा करंगळी आपोआप एन्टरवर जाते.

ह्यावर उपाय आहेत. आकड्यांच्या रकान्यांत एन्टरचा अर्थ 'पुढचा रकाना' असा बांधावा आणि तो सगळ्या प्रोग्रॅमभर एकसारखा ठेवावा. शिवाय दोन्ही वजने भरल्याशिवाय 'हिशेब करा' हे बटण निष्क्रिय, म्हणजे फिकट ठेवावे. निष्क्रिय बटणाला एन्टर पोचत नाही. काट्याच्या कामात गाडी खाली होईपर्यंत नोंद अपुरी राहणे हे स्वाभाविकच आहे. म्हणून 'अपुरी ठेवा' असे वेगळे बटण हवे, आणि पहिल्या वजनानंतर गृहीत बटण तेच असावे.

दुसरी जागा ग्रंथालय. अमरावतीच्या एखाद्या महाविद्यालयात पुस्तके परत आली आहेत अशी कल्पना करा. ग्रंथपाल प्रत्येक पुस्तकावरच्या उभ्या रेघांच्या पट्टीवर बारकोड वाचणारे यंत्र धरतात. संगणकाच्या दृष्टीने हे यंत्र म्हणजे दुसरा कळफलकच. ते पट्टीवरचे अंक एकामागून एक 'टंकते' आणि बहुधा शेवटी एन्टरही दाबते. त्यामुळे अंक भरले जाऊन नोंद आपोआप होते. सोय उत्तमच.

पण एका पुस्तकाला पडद्यावर चौकट आली : 'हे पुस्तक दुसऱ्याच्या नावावर आहे. तरीही जमा करायचे?' खाली 'होय' हे गृहीत बटण. ग्रंथपालांचे लक्ष पुस्तकांच्या ढिगाकडे आहे, पडद्याकडे नाही. त्यांनी पुढच्या पुस्तकावर यंत्र धरले. त्याचे अंक चौकटीला नको होते, ते वाया गेले. शेवटची एन्टर मात्र चौकटीने घेतली आणि 'होय' दाबले गेले. एक पुस्तक चुकीच्या नावाने जमा झाले, आणि दुसरे जमा झालेच नाही. दंड कोणा तिसऱ्याच विद्यार्थ्याला! अशा चौकटीत कोणतेच गृहीत बटण नसणे, किंवा ते 'थांबा' असणे, हेच बरे.

तिसरी जागा म्हणजे आगंतुक चौकट. तुम्ही मजकूर लिहीत आहात आणि मध्येच दुसऱ्याच एखाद्या प्रोग्रॅमची चौकट उगवून फोकस हिसकावून घेते. तुम्ही नव्या ओळीसाठी दाबलेली एन्टर तिच्या पदरात पडते. ह्याला 'फोकस चोरणे' म्हणतात. विंडोज ९८ आणि विंडोज २००० पासून मायक्रोसॉफ्टने ह्यावर बंधने घातली. मागे असलेल्या प्रोग्रॅमने एकाएकी पुढे यायचा प्रयत्न केला, तर पडद्याच्या तळपट्टीवरचे त्याचे चिन्ह नुसते लुकलुकते. फायरफॉक्सच्या कर्त्यांनी दुसरी युक्ती योजली. नवीन भर बसवण्याची परवानगी विचारणाऱ्या चौकटीतले बटण त्यांनी पहिले काही क्षण निष्क्रिय ठेवले. आधीच निघालेले बोट तोवर रिकामे जाते.

ह्या तिन्ही उदाहरणांचे सार एका वाक्यात सांगता येते : गृहीत बटण म्हणजे न पाहता दाबले जाणारे बटण. म्हणून ते निवडताना 'लोकांना बहुधा काय हवे असते?' एवढेच विचारून भागत नाही. 'हे चुकून दाबले गेले तर काय जाईल, आणि गेलेले परत येईल का?' हेही विचारावे लागते.

थोडा हिशेब करू. समजा, 'नोंद पुसायची?' ही चौकट हजार वेळा आली. ९९० वेळा माणसाला खरोखरच पुसायचे होते; १० वेळा हात चुकून गेला होता. 'पुसा' हे बटण गृहीत ठेवले तर ९९० वेळा एकेक सेकंद वाचला असे धरा. म्हणजे साडेसोळा मिनिटे. पण चुकून गेलेली प्रत्येक नोंद पुन्हा शोधून भरायला १५ मिनिटे लागत असतील, तर १० चुकांची किंमत १५० मिनिटे! शेकडा ९९ वेळा बरोबर असलेली निवडही येथे तोट्याची ठरते. ह्याउलट, पुसलेली नोंद एका कळीने परत आणता येत असेल, तर चुकीची किंमत काही सेकंदच. मग ती चौकट दाखवण्याचेही कारण उरत नाही.

आणखी एक गोष्ट. बटणांवर 'होय', 'नाही' लिहिण्यापेक्षा 'पुसा', 'ठेवा' अशी क्रियापदे लिहावीत. प्रश्न न वाचताही बटण काय करील ते समजते.

डोळ्यांऐवजी कान

आतापर्यंत आपण पडदा पाहणाऱ्यांचा विचार केला. पण पडदा न पाहता संगणक चालवणारेही आहेत. अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झर हे गाव आहे. तेथे शंकरबाबा पापळकर यांनी अनाथ आणि दिव्यांग मुलांचा सांभाळ केला. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या आश्रमात वाढलेल्या माला पापळकर ह्या अंध युवतीने त्याच वर्षी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत यश मिळवले. लिपिक-टंकलेखक ह्या पदासाठी त्यांची निवड झाली.

लिपिक-टंकलेखकाचे काम संगणकावर चालते. अंध व्यक्ती असे काम करते कसे? त्यासाठी पडदा वाचून दाखवणारे प्रोग्रॅम असतात. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी २००६ साली सुरू केलेला एनव्हीडीए हा त्यांपैकी एक. तो मोफत मिळतो. ई-स्पीक ह्या वाणीयंत्रणेच्या साहाय्याने तो मराठी मजकूरही बोलून दाखवतो. फोकस ज्या वस्तूवर जाईल तिचे नाव आणि प्रकार तो उच्चारतो : 'गाव, रकाना', 'नोंद करा, बटण'.

आता पाहा. माउसचा बाण अंध व्यक्तीच्या उपयोगाचा नाही. तिच्यासाठी पडदा म्हणजे टॅबने लागणारी एक वाट. ज्या वस्तूवर फोकस पोचत नाही, ती तिच्यासाठी जवळजवळ नाहीच. टॅब क्रम उलटसुलट असेल, तर फॉर्मच उलटसुलट होतो. बटणावर नुसते चित्र असेल आणि नाव दिले नसेल, तर कानावर केवळ 'बटण' एवढेच येते. एखाद्या रकान्यातून टॅबने बाहेरच पडता येत नसेल, तर ती व्यक्ती तेथे अडकते. परीक्षा उत्तीर्ण होऊन खुर्चीवर बसलेल्या माणसाला प्रोग्रॅमच दारात अडवतो!

वेबवरील मजकुराच्या सुगमतेचे जे आंतरराष्ट्रीय नियम २००८ साली आले, त्यांत ह्याच गोष्टी सांगितल्या आहेत : सगळे काम कळफलकाने करता यावे, फोकस अडकू नये, तो अर्थाला धरून पुढे सरकावा आणि तो दिसावा. ते नियम वेबपुरते लिहिले असले, तरी संगणकावरच्या कोणत्याही प्रोग्रॅमला लागू पडतात. आपल्या देशात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ह्या कायद्याने माहिती-तंत्रज्ञान दिव्यांगांना वापरता यावे अशी अपेक्षा ठेवली आहे.

प्रोग्रॅम लिहिताना

शाळेत पायथन भाषा शिकणाऱ्यांना तिच्यासोबत येणारा टीकेइंटर हा संच वापरून अशी खिडकी बनवता येते. भाषा कोणतीही असो, पायऱ्या ह्याच :

१. रकाने आणि बटणे वाचण्याच्या क्रमानेच निर्माण करा. मध्ये काही वाढवले, तर क्रम पुन्हा तपासा.

२. खिडकी उघडताच पहिल्या रकान्याला फोकस द्या. नाहीतर पहिली काही अक्षरे हवेत जातात.

३. खिडकीचे एकच गृहीत बटण ठरवा. ते निरुपद्रवी असावे, किंवा त्याचे काम सहज उलटवता यावे. तसे बटण नसेल तर कोणतेच ठरवू नका.

४. टीकेइंटरमध्ये बटणाला 'गृहीत' हा गुण दिला तरी त्याने केवळ कडा काढली जाते. एन्टर कळ त्या बटणाच्या कामाशी वेगळी बांधावी लागते. कडा काढली आणि कळ बांधली नाही, तर पडदा खोटे बोलतो. कळ बांधली आणि कडा काढली नाही, तर तो लपवाछपवी करतो.

५. एस्केप कळ 'रद्द करा'शी बांधा.

६. एन्टर आल्यावर काम करण्यापूर्वी सगळे रकाने तपासा. एखादा कोरा किंवा चुकीचा असेल, तर नुसता इशारा देऊन थांबू नका; फोकस त्याच रकान्यात नेऊन ठेवा.

७. चौकट बंद झाली की फोकस ती उघडण्यापूर्वी जेथे होता तेथेच परत आणा.

मराठीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. उच्चाराप्रमाणे टंकण्याच्या काही पद्धतींत शब्दांची यादी पुढे येते आणि एन्टरने त्यातला शब्द निवडतात. त्या वेळी एन्टर त्या यादीची असते. तुमच्या प्रोग्रॅमने ती मध्येच पळवली, तर गावाचे नाव अर्धे राहून नोंद होईल. म्हणून प्रत्येक प्रोग्रॅम मराठी टंकूनही तपासावा.

करून पाहा

शाळेच्या संगणकावर हा प्रयोग जोडीने करा. माउस काढून बाजूला ठेवा. लिब्रऑफिस रायटर उघडा आणि चार ओळी लिहा. कन्ट्रोल धरून डब्ल्यू कळ दाबा. मजकूर साठवायचा का, अशी चौकट येईल. आता एन्टर दाबू नका. कोणत्या बटणाभोवती कडा आहे ते पाहा. टॅब दाबत जा आणि फोकस कोणत्या क्रमाने फिरतो ते वहीत लिहा. शेवटी एस्केप दाबा. मजकूर जागेवर आहे ना? गृहीत बटण 'साठवा' हेच का असावे, ह्याचे कारण आता तुम्हाला सांगता येईल.

मग एकाने डोळे मिटावेत आणि दुसऱ्याने एनव्हीडीएप्रमाणे फोकसवरच्या वस्तूचे नाव मोठ्याने वाचावे. शाळेतला एखादा प्रोग्रॅम असा चालवून एक नोंद पूर्ण करता येते का, ते पाहा. जेथे अडखळाल, तेथे दोष बहुधा प्रोग्रॅमचा असेल.

शिक्षकांनी हा प्रयोग एका तासिकेत घ्यावा आणि प्रत्येक जोडीने काढलेले दोष फळ्यावर लिहावेत. 'दिसत नाही', 'पोचत नाही', 'क्रम चुकतो' आणि 'चुकीचे बटण गृहीत' अशा चार स्तंभांत ते सहज बसतात.

स्वाध्याय

१. रेशन दुकानाच्या प्रोग्रॅममध्ये 'धान्य दिले' आणि 'पावती छापा' अशी दोन बटणे आहेत. गृहीत बटण कोणते ठेवाल? की कोणतेच नाही? कारण द्या.

२. एका नोंदीत नऊ रकाने आणि शेवटी एक बटण आहे. दिवसाला २०० नोंदी होतात. माउसऐवजी कळफलक वापरल्यास किती मिनिटे वाचतील? (उत्तर : ५७ मिनिटे.)

३. ग्रंथालयातल्या उदाहरणात चौकट आल्यावर बारकोड यंत्राची एन्टर निरुपद्रवी करण्याचे दोन उपाय सुचवा.

४. काट्याच्या नोंदीचा पडदा कागदावर काढा. टॅबची वाट बाणांनी दाखवा, गृहीत बटणाला जाड कडा द्या आणि प्रत्येक रकान्यापुढे लिहा : येथे एन्टर दाबली, तर तिचा धनी कोण?